कशाच्या मानाने जड?

पंपाच्या माहितीपुस्तिकेच्या मराठी खर्ड्यात एक ओळ होती : 'घनता चाचणी – ६ बार दाब, १० मिनिटं.' पुण्यातल्या एका भाषांतरकार बाईंकडे तो खर्डा फक्त नजरेखालून घालायला आला होता. मूळ जर्मन मजकूर सोबत नव्हता, तरी चूक कुठून आली असणार हे त्यांना लगेच कळलं. दाब देऊन दहा मिनिटं घनता कुणी तपासत नाही. तशी तपासतात ती गळती. जर्मनमध्ये 'डिश्टे' म्हणजे घनता आणि 'डिश्टहाइट' म्हणजे कुठूनही गळत नसणं. घाईत वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. त्याच घराण्यातला 'डिश्टुंग' म्हणजे गॅस्केट, आणि योगायोगाने कवितेलाही जर्मनमध्ये 'डिश्टुंग'च म्हणतात. त्यात भर म्हणजे शेजारच्या डच भाषेत 'डिख्तहाइट' हाच घनतेचा शब्द आहे. जर्मन येणाऱ्या माणसाने डच कागद अंदाजाने वाचला, तर तो घनतेच्या जागी गळती लिहून मोकळा होणार.

त्या खर्ड्याचं काम तासाभरात संपलं. पण घनता या एका राशीने त्यांना सगळ्या कारकिर्दीत जितकं दमवलं तितकं दुसऱ्या कुठल्या शब्दाने दमवलं नसेल. तापमानाच्या बाबतीत फॅरनहाइट की सेल्सिअस एवढं पाहिलं की झालं. दाबाची एककं ढीगभर असली, तरी दाब हा दाबच राहतो. घनतेचं तसं नाही. देश बदलला की शब्द तोच राहून राशीच बदलते, आणि आकडा मात्र इतका सारखा दिसतो की शंका यायला जागा उरत नाही.

भाषांतराकडे वळण्यापूर्वी त्या रसायनशास्त्र शिकून इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसच्या प्रयोगशाळेत लागल्या होत्या. सुती कापड मर्सराइज करताना ते कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणातून नेतात. त्या द्रावणाची ताकद तिथे ट्वॉडलमध्ये मोजत. पाण्याच्या तुलनेतली घनता घ्यायची, तिच्यातून एक वजा करायचा आणि उरलेल्याला २०० ने गुणायचं, की ट्वॉडल अंश मिळतात. म्हणजे १.२५ चे झाले ५० ट्वॉडल. कॉलेजातून नव्याने आलेल्या मुलीने वहीत 'सापेक्ष घनता' असा रकाना आखला, तेव्हा तिथले जुने मास्तर म्हणाले होते, "ताई, पन्नास ट्वॉडल म्हंजे पन्नास ट्वॉडल. तुमची घनता काय आसंल ती तुमी घरी काढा."

मास्तरांना दशांशचिन्हाशी देणंघेणं नव्हतं. काचेचा हायड्रोमीटर टबातल्या द्रावणात सोडला, दांडीवर रेघ बघितली, की झालं. त्यांच्या हातून एकही घाणा बिघडल्याचं बाईंना आठवत नाही.

घोळ व्हायचा तो टँकर आला की. पुरवठादाराच्या कागदावर बोमे अंश लिहिलेले असत. आंत्वान बोमे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७६८ मध्ये बसवलेली ही मोजपट्टी कॉस्टिक आणि ॲसिडच्या धंद्यात अजून टिकून आहे. १४५ मधून, १४५ भागिले सापेक्ष घनता, एवढं वजा केलं की बोमे अंश येतात. म्हणजे ५० ट्वॉडलचं द्रावण बोमेत २९ भरतं. कॉस्टिकच्या बाबतीत यात एक सापळा लपलेला आहे. पन्नास टक्क्यांच्या कॉस्टिकची घनता सुमारे १.५२५ असते आणि बोमेत तोही जवळपास ५० च येतो. टँकरवर टक्के आणि बोमे इतके जुळलेले पाहून एका नव्या केमिस्टने दोन्ही एकच, असा नियम मनाशी धरला. पन्नासला तो नियम खराच होता. पण २९ बोमेच्या द्रावणात कॉस्टिक २९ टक्के नसतो, जेमतेम २३ टक्के असतो. हा हिशेब त्याने पातळ केलेल्या टबाला लावला, आणि कापडाला चकाकी का येत नाही म्हणून दोन पाळ्या शोधाशोध चालली.

त्या दिवसांतून बाईंचं एक मत बनलं ते अजून बदललेलं नाही. धंद्याच्या आत वापरला जाणारा शब्द शास्त्राच्या दृष्टीने कितीही वेडावाकडा असला, तरी धंद्यातल्या माणसाला तो फसवत नाही. दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटरची 'डिग्री' ३० लागली म्हणजे दुधाची सापेक्ष घनता १.०३०, हे तिथल्या पोऱ्याला कुणी शिकवलेलं नसतं; पण २४ लागली की पाणी पडलंय हे त्याला कळतं. बॅटरीवाला 'ग्रॅव्हिटी' बघतो, साखर कारखान्यातला केमिस्ट 'ब्रिक्स' बघतो. ज्याचं त्याला ठाऊक. कागद एका हातातून दुसऱ्या हातात, एका देशातून दुसऱ्या देशात जातो, तिथे ठिणगी पडते.

यातली सगळ्यात मोठी ठिणगी कॅनडात पडली. भाषांतर शिकणाऱ्या मुलांसमोर बोलायची वेळ आली की बाई ही गोष्ट आकड्यांसकट फळ्यावर मांडतात.

२३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं नवं कोरं बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला जायचं होतं. कॅनडात तेव्हा मेट्रिक पद्धत येत होती आणि ताफ्यातलं किलोग्रॅममध्ये इंधन मोजणारं हे पहिलंच मॉडेल होतं. त्याचे इंधन दाखवणारे काटे बंद पडले होते. म्हणून टाकीत दांडी घालून इंधन मोजलं : ७,६८२ लिटर. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला एक गुणक लागतो. इंधन भरणाऱ्यांच्या पावतीवर तो छापलेला होता, १.७७. आणि त्याला नाव दिलेलं होतं 'स्पेसिफिक ग्रॅव्हिटी', म्हणजे आपलं विशिष्ट गुरुत्व.

७,६८२ गुणिले १.७७, आले १३,५९७. ते किलो समजले गेले. २२,३०० मधून वजा करून उरले ८,७०३, त्याला पुन्हा १.७७ ने भागलं आणि ४,९१६ लिटर इंधन भरलं. मुळात १.७७ हा एका लिटरमागे पौंडांचा आकडा होता. किलोसाठी साधारण ०.८ घ्यायला हवा होता, आणि टाकीत २०,००० लिटरांहून जास्त इंधन ओतायला हवं होतं. ओटावाला पुन्हा दांडी घातली गेली आणि पुन्हा त्याच १.७७ ने गुणलं गेलं, त्यामुळे चूक स्वतःचीच साक्ष देऊन पास झाली. ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आलं आणि थोड्याच वेळात एकामागून एक दोन्ही इंजिनं थांबली. कॅप्टनला ग्लायडर चालवायचा सराव होता. त्याने ते अजस्र धूड तरंगवत मॅनिटोबातल्या गिमली गावी हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. त्या पट्टीवर तेव्हा मोटारींच्या शर्यती होत असत. आतले ६९ जण वाचले.

ही गोष्ट सांगून झाली की पौंड-किलोची गफलत म्हणून लोक ती मिटवून टाकतात. बाईंचं बोट दुसरीकडे असतं. विशिष्ट गुरुत्वाला एककच नसतं. एखादी वस्तू पाण्याच्या किती पट जड, एवढंच तो आकडा सांगतो. मग १.७७ चा अर्थ होतो, हे इंधन पाण्याच्या पावणेदोन पट जड आहे. विमानाचं इंधन म्हणजे रॉकेलचाच भाऊ. रॉकेल पाण्यावर तरंगतं हे कुणाला माहीत नाही? पावतीवरचं नाव कुणी खरं मानलं असतं, तर आकडा तिथल्या तिथे खोटा पडला असता. पण नाव कुणी वाचलंच नाही, कारण वर्षानुवर्षं त्या जागी तेच नाव आणि तोच आकडा होता, आणि पौंडाच्या राज्यात तो बिनबोभाट चालत होता.

शिकणाऱ्यांतला एखादा तरी मग विचारतो, "पण मॅडम, सरळ घनताच का नाही लिहीत लोक?" त्याचं उत्तर फ्रेंचांकडे आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीला फ्रान्समध्ये मेट्रिक पद्धत घडवताना ग्रॅमची व्याख्याच पाण्यावरून केली गेली : एक घनसेंटिमीटर पाण्याचं वस्तुमान. त्यामुळे पाण्याची घनता एक झाली, आणि पाण्याशी तुलना करून आलेला आकडा व ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरमधला आकडा एकच दिसू लागले. लोखंड ७.८ कशाच्या मानाने? पाण्याच्या म्हणा नाहीतर घनसेंटिमीटरला ग्रॅम म्हणा, आकडा तोच. ही सोय इतकी गोड होती की दोन राशींमधला फरक बोलताना कुणी पाळला नाही. इंग्रजीत 'डेन्सिटी' म्हणजे एकक असलेली घनता. फ्रेंचमध्ये तेच अक्षर-रूप असलेला 'देन्सिते' म्हणजे नुसतं गुणोत्तर. एकक असलेल्या घनतेला ते 'मास व्होल्युमिक' म्हणतात. दिसायला जुळे, पण वागायला वेगळे.

द्रव आणि घन पदार्थांत याचा त्रास होत नाही. वायू आला की होतो, कारण वायूचा 'देन्सिते' पाण्याशी तोलत नाहीत, हवेशी तोलतात. प्रोपेनचा 'देन्सिते' दीड म्हणजे तो हवेच्या दीडपट जड. त्याची खरी घनता घनमीटरला दोन किलोच्या जरा खाली येते. एका माहितीपत्रकात कुणीतरी 'घनता १.५' असं लिहून पुढे आपल्या मनाने 'किलो प्रति घनमीटर' जोडलं होतं. मूळ कागदात एकक नव्हतं, ते राहून गेलं असावं अशा सद्भावनेने. बाईंच्या मते तांत्रिक भाषांतरात सगळ्यात महाग पडतो तो हा भला माणूस. झोपाळू माणूस परवडतो.

कामगारांसाठी सुरक्षापत्रकं मराठीत करताना याच गोष्टीने वेगळं रूप घेतलं. ॲसिटोनच्या पत्रकात शेजारी शेजारी दोन आकडे असतात : द्रवाची सापेक्ष घनता ०.७९ आणि बाष्पाची सापेक्ष घनता २. चाकणच्या बाजूच्या एका कारखान्यात प्रशिक्षण चालू असताना मागच्या रांगेतून एकाने विचारलं, "वाफ पातळ ॲसिटोनपेक्षा जड कशी हो? मग ती उडते कशाला?" प्रश्न अगदी रास्त होता. पहिला आकडा पाण्याच्या मानाने आहे, दुसरा हवेच्या मानाने, आणि भाषांतरात दोन्ही जागी 'सापेक्ष घनता' एवढेच दोन शब्द उरले होते. कशाच्या सापेक्ष, ते गळलं होतं. त्यानंतर बाईंनी कामगारांच्या पत्रकातून तो शब्दच काढून टाकला. आता त्या लिहितात, 'द्रव पाण्यापेक्षा हलका, पण पाण्यात मिसळून जातो. वाफ हवेच्या दुप्पट जड, जमिनीलगत साचते. गटार आणि खड्डे सांभाळा.' कागदाची लांबी वाढते म्हणून एका ग्राहकाने कुरकुर केली, पण छापलं तसंच.

जर्मन इंजिनीअरांची गोष्ट आणखी निराळी. जुन्या पिढीच्या कागदांत 'स्पेत्सिफिशेस गेविश्ट', म्हणजे विशिष्ट वजन, हा शब्द सर्रास येतो. पोलाद ७.८५. इथे वजन हे खरोखर वजनच, बल म्हणून. पण त्या काळी बल किलोपाँडमध्ये मोजत आणि एक किलो वस्तुमानाचं वजन एक किलोपाँड, त्यामुळे आकडे पुन्हा जुळत होते. एसआय पद्धतीत बल न्यूटनमध्ये गेलं आणि तेच पोलाद घनमीटरला ७७ किलोन्यूटन झालं. आपल्याकडच्या बांधकामावरही ही सरमिसळ रोज ऐकू येते. आरसीसीची 'डेन्सिटी' किती, असं विचारलं की एक जण २५ म्हणतो आणि दुसरा २५००, आणि दोघंही बरोबर असतात. पहिला किलोन्यूटनमध्ये बोलतो, दुसरा किलोत. अशा साइटवर निदान दोन आकड्यांत शंभरपट अंतर आहे म्हणून डोळ्यांत भरतं. आकडे जुळतात तिथे धोका जास्त.

आणि भुकटी किंवा सच्छिद्र पदार्थ असेल तर जर्मन भाषा घनतेचे चार वेगवेगळे शब्द पुढे करते. 'राइनडिश्टे' म्हणजे मधली पोकळी सोडून निव्वळ पदार्थाची घनता. 'रोडिश्टे' म्हणजे पदार्थाच्या अंगातली छिद्रं धरून. 'श्युट्टडिश्टे' म्हणजे नुसती ओतलेली रास. 'श्टाम्फडिश्टे' म्हणजे तीच रास ठोकून ठोकून बसवल्यावर. यातल्या 'रो'चा शब्दकोशातला पहिला अर्थ कच्चा असा आहे, त्यामुळे 'कच्ची घनता' असं भाषांतर बाईंनी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. सिमेंटचं विशिष्ट गुरुत्व ३.१५ असतं, पण पोत्यातलं सिमेंट घनमीटरला १४४० किलोच धरतात, म्हणून ५० किलोच्या पोत्याला सव्वा घनफूट जागा लागते. यातला पहिला आकडा घेऊन कुणी सिमेंटची कोठी बांधली तर ती अर्ध्यापेक्षा लहान होईल. गोव्यातल्या औषध कारखान्यांत गोळ्या दाबण्याआधी ओतलेल्या आणि ठोकलेल्या भुकटीच्या घनतेची तुलना करतात. दोन्हींत अंतर फार असेल तर भुकटी नीट वाहत नाही, गोळीचं वजन कमीजास्त होतं. तिथल्या ऑपरेटरला मराठी-कोंकणीतून 'स्थूल घनता' म्हटलं तर तो बघत राहतो. 'बल्क' आणि 'टॅप' म्हटलं की पुरे. मराठीचा अभिमान बाईंनाही आहे, पण यंत्राजवळच्या फलकावर त्या 'बल्क' आणि 'टॅप'च लिहितात.

परकी भाषा सोडली आणि घरात आलं तरी सुटका नाही. सोलापूरकडच्या एका कामात एकच माहिती मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये द्यायची होती. हिंदीच्या भाषांतरकाराने द्रावणाच्या तीव्रतेला 'सांद्रता' लिहिलं, ते हिंदीत बरोबरच. कन्नडच्या मसुद्यात 'सांद्रते' दिसलं, तेव्हा तपासणाऱ्याने तेही तीव्रताच धरलं. कन्नडमध्ये सांद्रते म्हणजे घनता. तेलुगू आणि मल्याळममध्येही तसंच. संस्कृतात सांद्र म्हणजे दाट. एका भाषेने तो दाटपणा विरघळलेल्या मिठाकडे नेला, दुसरीने जडपणाकडे. आपल्या पाठ्यपुस्तकांत द्रावणाच्या तीव्रतेला 'संहती' म्हणतात, आणि हिंदीच्या जुन्या पुस्तकांत 'संहति' वस्तुमानाला वापरलेला सापडतो. संस्कृतातून शब्द घेतले की सगळ्या भारतीय भाषांना एकच परिभाषा मिळेल, हा विचार चांगलाच होता. शब्द खरंच एक मिळाले. वाटणी करताना प्रत्येकाने आपापल्या चुलीवर वेगळं शिजवलं.

मराठीतली खरी गोची मात्र साध्या बोलीतली आहे. आपण तेलाला दाट म्हणतो आणि पाण्याला पातळ. दाट म्हणजे घन, घन म्हणजे घनता जास्त, अशी साखळी डोक्यात आपोआप लागते. पण एरंडेल पाण्याच्या शेकडो पट दाट असूनही त्याची घनता ०.९६ आहे, पाण्यावर तरंगतं. पारा पाण्यासारखा पळतो आणि साडेतेरापट जड असतो. दाटपणाला शास्त्रात 'श्यानता' हा शब्द आहे, तो गॅरेजमध्ये कुणी उच्चारत नाही. म्हणून इंजिन ऑइलच्या मराठी पत्रकांत 'जास्त घनतेचं ऑइल' छापून येतं आणि वाचणारा मेकॅनिक ते बरोबर, म्हणजे 'दाट ऑइल' असंच समजतो. इथे बाईंनी वाद घालणं सोडलं. त्या 'ऑइलचा दाटपणा' लिहितात आणि पुढे ग्रेड देतात.

त्यांच्या भाच्याने दहावीत असताना विचारलेला प्रश्न याहून तिखट होता. प्रकाशाच्या धड्यात वाक्य येतं की विरल माध्यमातून घन माध्यमात जाताना किरण स्तंभिकेकडे झुकतो. "आत्या, पाण्यातून रॉकेलमध्ये जाताना पण तो स्तंभिकेकडेच झुकतो म्हणे. मग रॉकेल घन आणि पाणी विरल? आणि तरी रॉकेल वर तरंगतं?" रॉकेलचा अपवर्तनांक १.४४, पाण्याचा १.३३, प्रकाशासाठी रॉकेल खरोखरच जास्त 'घन' आहे. वजनाचा इथे संबंध नाही. प्रयोगशाळेतल्या रंगमापनात 'प्रकाशीय घनता' म्हणजे पुन्हा तिसरंच, द्रावणाने किती प्रकाश गिळला त्याचं माप. आत्याने रॉकेलची घनता आणि अपवर्तनांक वहीत शेजारी शेजारी लिहून दिले. परीक्षेत असलं काही विचारत नाहीत, हे भाच्याचं त्यावरचं मत.

'विशिष्ट' या शब्दावरही त्यांचा राग आहे, पण त्यात दोष मराठीचा नाही. विज्ञानात 'विशिष्ट' हे विशेषण 'वस्तुमानाने भागलेलं' या अर्थाने वापरावं असा आता संकेत आहे : विशिष्ट उष्मा म्हणजे एका किलोमागे उष्माधारकता. विशिष्ट गुरुत्व त्या संकेताला धरून नाही, म्हणून 'सापेक्ष घनता' म्हणा असं सांगतात. पण आपल्या मराठी विश्वकोशातल्या खनिजांच्या नोंदी उघडल्या की कठिनतेपाठोपाठ 'वि. गु.' भेटतंच. क्वॉर्ट्‌झचं २.६५. भूगर्भशास्त्रवाल्यांच्या तोंडी ते इतकं बसलं आहे की बदलायला जाणारा हास्यास्पद ठरेल. निदान वि. गु. हे गुरुत्वच आहे. काही भाषांतरांत त्याचं 'विशिष्ट गुरुत्वाकर्षण' होतं. खनिज तेलाच्या कागदात तर एपीआय ग्रॅव्हिटी येते, तिचं 'एपीआय गुरुत्वाकर्षण' झालेलं बाईंनी पाहिलं आहे. त्या मोजपट्टीत पाण्याला १० अंश असतात आणि अंश वाढतील तसं तेल हलकं होत जातं, ०.८५ चं तेल ३५ अंशांचं. इतकं गुरुत्वाकर्षण वाढूनही तेल हलकंच, असा चमत्कार त्या वाक्यात झाला होता.

रशियन कागद त्यांच्याकडे क्वचित येतात. आले की त्या आधी विषय विचारतात. 'उद्येल्नी व्येस', शब्दशः विशिष्ट वजन, पदार्थाला लागतं तसंच आकडेवारीतही चालतं. तिथे त्याचा अर्थ एकूणातला वाटा. कामगारांमधल्या स्त्रियांचं विशिष्ट वजन अमुक टक्के, असं वाक्य त्यामुळे जन्माला येऊ शकतं. चिनी भाषेतला घनतेच्या गुणोत्तराचा शब्द 'बी-चोंग' हाही अर्थव्यवस्थेच्या लेखांत 'वाटा' म्हणून वावरतो. इटालियनमध्ये माणसाचं 'पेसो स्पेचीफिको' म्हणजे त्याचा दबदबा. आपल्याकडेही वजनदार माणूस असतो, पण आपण त्याला पाण्याशी तोलत नाही.

इतक्या वर्षांत त्यांची पद्धत तयार झाली ती साधी आहे. शब्द आधी झाकायचा आणि आकडा बघायचा. मागे एकक आहे का? नसेल तर कशाच्या मानाने? कुठल्या तापमानाला? तापमानाचा प्रश्न लोकांना किरकोळ वाटतो, पण पेट्रोल पंपावर त्याचाच तंटा होतो. पंपावर लावलेली घनता १५ अंश सेल्सिअसला रूपांतरित केलेली असते. एखादा चौकस गिऱ्हाईक हायड्रोमीटर मागून घेतो. भर उन्हाळ्यात ३५ अंशांच्या पेट्रोलमध्ये तो बुडवला की आकडा पंधरा-अठरानं कमी येतो, आणि भेसळ म्हणून आवाज चढतो. तक्ता वापरून रूपांतर केलं की तोच आकडा पाटीवरच्या आकड्याला जवळपास मिळतो. बाईंच्या मते पेट्रोल पंपावरची ती कळकट पाटी, 'किलो प्रति घनमीटर, १५ अंशाला', ही त्यांनी पाहिलेल्या कित्येक चकचकीत माहितीपत्रकांपेक्षा शुद्ध आहे. तिच्यात गाळलेलं काही नाही.

मूळ कागदात उत्तर नसेल तेव्हा त्या ग्राहकाला विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत ती ओळ पिवळी ठेवून देतात. काही ग्राहकांना याचा वैताग येतो. "शब्दाला शब्द द्या ना, आम्ही बघून घेऊ," असं ऐकवलं जातं. एकाने तर प्रश्न जास्त विचारतात म्हणून काम दुसरीकडे दिलं. त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही असं नाही. महिन्याचं गणित त्या कामावर उभं होतं.

अलीकडे नाशिककडच्या एका वाइनरीसाठी फ्रेंच यीस्टच्या सूचना मराठीत करायच्या होत्या. द्राक्षरस आंबताना 'देन्सिते १०६०' झाली की यीस्टला खाद्य द्या, असं मूळ वाक्य. वाइनवाले दशांशचिन्ह लिहायची तसदी घेत नाहीत, म्हणून १०६० म्हणजे १.०६०. तळघरात काम करणाऱ्यांकडे दोन तऱ्हेचे मीटर होते, काही सापेक्ष घनतेचे, काही साखरेच्या टक्क्यांत वाचायच्या ब्रिक्सचे. बाईंनी लिहिलं, 'हायड्रोमीटर १.०६० दाखवेल तेव्हा. ब्रिक्सचा असेल तर १५ च्या जरा खाली.' मसुदा वाचायला त्यांनी तिथल्या सुपरवायझरला बसवलं. त्याने सगळं शांतपणे वाचलं आणि शेवटी विचारलं, "मॅडम, आंबवण संपत आलं की ब्रिक्सचा काटा शून्याच्याही खाली जातो. मग साखर उणे झाली असं पोरांना सांगायचं का?"

मीटर साखर मोजत नाही, रस किती जड तेवढंच मोजतो, आणि तयार झालेलं अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून काटा खाली जातो, हे त्यांनी त्याला सांगितलं.

"हे फ्रेंचवाल्यांनी लिहिलंय का कुठं?"

"नाही."

"मग तुम्ही लिहा," तो म्हणाला. त्यांनी सूचनेखाली ती ओळ वाढवली, ग्राहकाला कळवलं, आणि बिलात तिचे पैसे लावले नाहीत.